उत्सवाची उघडी वही

रांगोळीच्या जुन्या वहीत प्रत्येक नक्षीच्या डोक्यावर एक छोटी ओळ असते. उदाहरणार्थ, '७ ते ४, मधले ठिपके'. रांगोळीशी कधी संबंध न आलेल्याला त्यातून काहीच कळत नाही. जिने चार दिवाळ्या रांगोळी काढली आहे तिच्या डोळ्यांपुढे मात्र लगेच षटकोन उभा राहतो. मधल्या ओळीत सात ठिपके. तिच्या वर सहा आणि खाली सहा, सातांच्या फटींसमोर बसवलेले. मग पाच-पाच, मग चार-चार. बेरीज करून पाहा, बरोब्बर ३७ होतात.

दोन आकडे आणि तीन शब्द, एवढ्यात अख्खी आकृती मावते याचं मला फार नवल वाटतं. ही ओळ शहाडच्या एखाद्या सोसायटीच्या जिन्यात वाचा, सांगलीच्या अंगणात वाचा किंवा न्यू जर्सीतल्या फरशीवर. ठिपके तसेच पडणार. ज्यांचा हात अजून बसलेला नाही त्यांच्यासाठी जाड कागदाला उदबत्तीने भोकं पाडून ठिपक्यांचा कागद करतात. कागद जमिनीवर ठेवायचा, वरून रांगोळी पसरायची, कागद अलगद उचलायचा. पुढची जोडणी ज्याची त्याची. शेजारीण वही घेऊन जाते, मोराच्या जागी कमळ घालून बघते, आणि वही परत येते तेव्हा मागच्या कोऱ्या पानावर तिची एक नवी नक्षी उतरलेली असते. कागद एका घरचा. नक्षी मात्र कित्येक हातांतून आलेली आणि कुणालाही पुढे न्यायला मोकळी.

संगणकाच्या जगात या रीतीला ओपन सोर्स म्हणतात. ती तिथे सहजासहजी रुजली नाही, भांडून मिळवावी लागली.

प्रत्येक प्रोग्रामची दोन रूपं असतात. एक माणसाने लिहिलेलं आणि माणसाला वाचता येणारं. तो सोर्स कोड. दुसरं यंत्राला कळणारं, शून्य आणि एकांचं. विकत मिळतं ते बहुधा दुसरं. ते चालवता येतं, पण आत काय चाललंय ते कळत नाही आणि बिघडलं तर हात घालता येत नाही. रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकी प्रोग्रामरला हा अन्याय वाटला. १९८३मध्ये त्यांनी 'ग्नू' प्रकल्प जाहीर केला. मागणी साधी होती: वापरणाऱ्याला प्रोग्राम चालवता, वाचता, बदलता आणि पुढे वाटता आला पाहिजे. १९८९मध्ये या मागणीला कायद्याचं बळ मिळालं, ते जीपीएल या परवान्यामुळे. त्यातली मेख फार सुंदर आहे. घ्या, बदला, वाटा, हवं तर विका. फक्त बदललेलं दुसऱ्याला दिलंत तर त्यालाही हीच मोकळीक द्या. कॉपीराइटचा कायदा एरवी कुंपण घालायला वापरतात. इथे कुणी कुंपण घालू नये म्हणून तोच कायदा वापरला.

१९९१च्या ऑगस्टमध्ये हेलसिंकीतल्या २१ वर्षांच्या लिनस टोरवाल्ड्सने इतर प्रोग्रामरांना कळवलं की, आपण छंद म्हणून एक छोटी ऑपरेटिंग सिस्टीम लिहितो आहोत, सूचना असतील तर सांगा. सूचना आल्या, मागोमाग दुरुस्त्या आल्या, आणि त्याने त्या घेतल्या. तेच लिनक्स. जगातल्या सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीतले सगळेच्या सगळे २०१७पासून लिनक्सवर चालतात. तुमच्या अँड्रॉइड फोनच्या पोटातही तेच आहे. दर नऊ-दहा आठवड्यांनी त्याच्या गाभ्याची नवी आवृत्ती येते आणि प्रत्येक आवृत्तीत हजाराहून अधिक लोकांचं काम असतं. यातले बहुतेक जण एकमेकांना कधीही भेटलेले नसतात.

हजार अनोळखी माणसं एकाच वस्तूला रोज हात लावतात आणि ती मोडत नाही. हे कसं जमतं? मला सापडलेलं उत्तर असं: ती माणसं नुसतं काम देत नाहीत, कामाची हकीकतही देतात. २००५मध्ये टोरवाल्ड्सनेच 'गिट' हे साधन लिहिलं. त्यात प्रत्येक बदलासोबत कोणी केला, कधी केला, नेमकी कुठली ओळ बदलली हे आपोआप नोंदलं जातं. का केला, ते बदलणाऱ्याने दोन ओळींत लिहायचं. हे 'का' सगळ्यात मोलाचं. दहा वर्षांनी आलेला नवखा मुलगा एखादी विचित्र दिसणारी ओळ पुसायला जातो, तिच्यामागचं कारण वाचतो आणि हात मागे घेतो. किंवा ते कारण आता उरलेलं नाही हे त्याच्या लक्षात येतं आणि तो ती बिनधास्त पुसतो.

'ओपन सोर्स' हे नाव क्रिस्टीन पीटरसन यांनी १९९८च्या फेब्रुवारीत सुचवलं. पुढच्याच वर्षी, १९९९च्या गुढीपाडव्याला, डोंबिवलीत एक गोष्ट सुरू झाली. कॅलिफोर्नियातल्या त्या घडामोडींशी तिचा काही संबंध नव्हता, पण तिचं वागणं अगदी त्याच जातीचं निघालं.

तोवर पाडवा हा घरातला सण होता. दाराशी गुढी, कडुनिंबाचा पाला, जेवायला श्रीखंड. डोंबिवलीच्या श्री गणेश मंदिर संस्थानाने तो रस्त्यावर आणला. या कल्पनेच्या उगमाशी आबासाहेब पटवारी यांचं नाव घेतलं जातं. नववर्ष स्वागतयात्रा असं तिचं नाव. शहरातल्या संस्थांनी आपापला चित्ररथ करायचा, लोकांनी पारंपरिक वेशात सकाळी घराबाहेर पडायचं, लेझीम, ढोल-ताशे आणि पालखीसोबत चालायचं. फडके रोडवर त्या सकाळी जी गर्दी लोटते ती पाहिलेल्याला अधिक सांगायला नको. शहाडहून कसारा मार्गावरची लोकल पकडली की कल्याण, ठाकुर्ली आणि डोंबिवली. पाडव्याच्या सकाळी या गाडीत नऊवारी आणि फेटे दिसतात.

मग ती पसरली. ठाण्यात कौपीनेश्वर मंदिराच्या न्यासाने स्वागतयात्रा काढली, कल्याणात निघाली, गिरगावात निघाली, आणि पुढे राज्यभर. कुणाला डोंबिवलीची परवानगी मागावी लागली नाही, शुल्क भरावं लागलं नाही. प्रत्येक गावाने आपला रंग चढवला. गिरगावच्या नऊवारीतल्या, फेटा बांधलेल्या बुलेटस्वार बायका आज इतक्या ओळखीच्या झाल्या आहेत की पाडवा म्हटलं की वर्तमानपत्रं तेच छायाचित्र छापतात. मूळ यात्रेपेक्षा तिची एक शाखा जास्त प्रसिद्ध व्हावी, यात मला डोंबिवलीचा मोठा विजय दिसतो. कॉलेजात जाणाऱ्या आजच्या मुलांना स्वागतयात्रा पाडव्याइतकीच जुनी वाटते. ती त्यांच्यापेक्षा फार मोठी नाही.

महाराष्ट्राला ही रीत नवी नव्हती. सार्वजनिक गणेशोत्सव १८९३पासून असाच पसरला. त्या काळात गणपतीपुढे मेळे असत. मुलांची पथकं पदं म्हणत रस्त्याने जायची, आणि ती पदं छोट्या पुस्तिकांत छापली जायची. पुस्तिका हातात आली की दुसऱ्या गावाला आपला मेळा उभा करता येई. इंग्रज सरकारचं या पुस्तिकांवर बारीक लक्ष असे, ते उगीच नाही. गाणं एका मेळ्यात अडवता येतं. छापून हातोहात फिरायला लागलं की अडवता येत नाही.

पण स्वागतयात्रेतून दुसऱ्या गावांनी जे उचललं ते डोळ्यांना दिसणारं होतं: वेश, रथ, ढोल, वेळ, वाट. उत्सवाचा जो भाग दिसत नाही, तोच खरा उभा करायला कठीण. पोलीस ठाण्यात अर्ज किती दिवस आधी द्यायचा, महापालिकेचा ना-हरकत दाखला आधी की ध्वनिक्षेपकाचा परवाना आधी, कुठल्या चौकात पाण्याचा टँकर उभा राहू शकतो, कुठल्या वळणावर मोठा ट्रक अडकतो, उन्हात मुलांना किती वेळ उभं करायचं, उरलेल्या पैशांचं काय करायचं. हे ज्ञान जवळजवळ प्रत्येक गावात दोन-तीन ज्येष्ठ कार्यकर्त्यांच्या डोक्यात असतं. ते आजारी पडले, मुलाकडे पुण्याला राहायला गेले, की नव्या पोरांनी पुन्हा पहिल्यापासून धडपडायचं. २०२०च्या पाडव्याला, २५ मार्चला, देशभराच्या टाळेबंदीचा पहिला दिवस होता. त्या वर्षी आणि पुढच्याही वर्षी यात्रा रस्त्यावर आल्या नाहीत. डोक्यात साठवलेल्या गोष्टींना दोन वर्षांचा खंड फार जड जातो. कागदावरच्या गोष्टींना जात नाही.

म्हणून मला वाटतं, स्वयंसेवकांच्या उत्सवाने ओपन सोर्सकडून घ्यावी अशी गोष्ट 'फुकट' ही नाही. फुकट काम आपले कार्यकर्ते पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत. घ्यायची ती आतली बाजू उघडी ठेवण्याची सवय.

उत्सवाच्या आदल्या रात्री रस्त्यावर मोठी संस्कारभारती रांगोळी घालताना पाहा. ही सवय तिथे प्रत्यक्ष दिसते. आधी खडू आणि दोरीने वर्तुळं आखतात. मग चाळणीने रंगांचे सपाट थर पसरवतात. त्यावर पाचही बोटांतून पांढरी रांगोळी सोडत नक्षी येते: मध्यभागी केंद्रवर्धिनी, मग ज्ञानकमळ, सर्परेषा, शंख, स्वस्तिक, कडेला गोपद्मं. ही चिन्हं ठरलेली आहेत आणि सगळ्यांना ठाऊक आहेत. त्यामुळे रात्री दहा वाजता कामावरून सरळ आलेल्या मुलीला सगळी आकृती समजावून सांगावी लागत नाही. "तू या बाजूची गोपद्मं घे, मी सर्परेषा संपवून येते," एवढं काकूंनी म्हटलं की ती बसते. तिची बोटं थोडी थरथरली तरी बिघडत नाही, गोपद्म छोटं असतं. तासाभराने तिला शंख मिळतो. पुढच्या वर्षी कदाचित ती दोरी धरेल.

सॉफ्टवेअरच्या प्रकल्पांत हेच मुद्दाम घडवून आणतात. कामांच्या यादीतली काही सोपी कामं 'नवख्यांसाठी' अशी खूण करून राखून ठेवतात. जाणत्याला ते काम दहा मिनिटांचं असतं, तरी तो ते करत नाही, कारण त्या कामाचा खरा उपयोग एक नवा माणूस आत आणणं हा असतो. आपल्याकडच्या बैठकांत 'काही मदत हवी का?' असं विचारणाऱ्या मुलाला 'बघू, सांगतो' असं उत्तर मिळतं आणि तो पुन्हा दिसत नाही. बैठकीच्या दारावर दहा छोट्या कामांचा कागद चिकटवलेला असता तर तो राहिला असता.

माणसं वाढली की गोंधळ वाढतो, यालाही गणित आहे आणि ते धडकी भरवणारं आहे. दहा माणसांनी एकमेकांशी बोलायचं तर जोड्या होतात ४५. पन्नास माणसांच्या होतात १,२२५. फ्रेड ब्रूक्स यांनी आयबीएममधल्या अनुभवावर १९७५मध्ये लिहिलेल्या पुस्तकात सांगितलं की, उशीर झालेल्या प्रकल्पात आणखी माणसं घातली तर उशीर वाढतो. आदल्या रात्री मांडवात आलेली तीस उत्साही पोरं आणि त्यांना काय सांगावं हे न सुचणारा संयोजक, हे दृश्य ज्याने पाहिलं आहे त्याला ब्रूक्स वाचायची गरज नाही.

यावरचा उपाय म्हणजे कामाचे तुकडे असे पाडायचे की प्रत्येक तुकड्याच्या कडा ठरलेल्या आणि पोट मोकळं. चित्ररथांची यात्रा मुळातच तशी आहे. रस्त्यावरच्या तारा आणि पूल यांच्याखालून जाईल एवढी उंची, वळणावर फिरेल एवढी लांबी, रांगेतला क्रमांक, पोचायची वेळ, पुढच्या रथापासूनचं अंतर. एवढ्या पाच गोष्टी समितीने ठरवल्या की रथावर शिवराज्याभिषेक उभा करायचा, पाणी वाचवा सांगायचं की मुलांची विज्ञानप्रयोगशाळा मांडायची, ते संस्थेने बघावं. या कडा जितक्या नेमक्या लिहिलेल्या, तितकी आतल्या कल्पनेला मोकळीक जास्त. नियम थोडे पण काटेकोर असले की कल्पकता फुलते, हे मला या सगळ्यातलं सर्वांत विलक्षण सत्य वाटतं.

असा नेमका नियम नसला की काय होतं, ते उत्सवाच्या फलकांवरून बघा. एका दुकानात जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये केलेली फाइल दुसऱ्या दुकानात उघडली की मजकुराच्या जागी चित्रविचित्र खुणा उमटतात, आणि ऐन वेळी सगळं पुन्हा टाइप करावं लागतं. मुंबईच्या 'एक टाइप' या गटाने 'मुक्त' आणि 'बलू' असे फॉन्ट केले आणि खुल्या परवान्याखाली सगळ्यांना दिले. युनिकोड या सगळीकडे सारख्याच असलेल्या अक्षरसंकेतात असल्याने मजकूर कुठेही उघडा, तो तसाच राहतो. 'मुक्त'च्या कुटुंबात गुजराती, गुरुमुखी आणि तमिळही आहेत. शहाड-उल्हासनगरच्या पट्ट्यात, जिथे एका जिन्यात तीन-चार भाषा ऐकू येतात, तिथे एकाच वळणाचं अक्षर सगळ्यांना मिळणं ही छोटी गोष्ट नाही.

आता शहाडचंच उदाहरण घेऊ. कल्याणच्या पुढचं पहिलं स्टेशन, एका बाजूला उल्हासनगर, जवळून वाहणारी उल्हास नदी, सेंच्युरी रेयॉनचा कारखाना आणि बिर्लांचं विठ्ठलमंदिर. आगरी, कारखान्यामुळे आलेली कुटुंबं, सिंधी, उत्तर भारतीय. अशा गावाने किल्ले, आकाशकंदील, रांगोळी, मुलांची खेळणी, गाणी असा आपल्या हातांचा दोन दिवसांचा मेळा करायचं मनात आणलं, तर पहिली बैठक वर्गणीवर न घेता वहीवर घ्यावी असं मी आग्रहाने सांगेन.

त्या वहीचं पहिलं पान परक्या माणसासाठी असावं: हा मेळा काय आहे, कुणाला येता येतं, नवीन आलात तर आधी काय करा. मग मैदानाचा नकाशा, त्यावर विजेचा खांब, पाण्याचा नळ, रुग्णवाहिकेची वाट. मग परवानग्यांचा क्रम, कोऱ्या अर्जांच्या नमुन्यांसह. मग जमाखर्च, पावतीसकट, मेळ्याच्या दारावर लावलेला. आणि सर्वांत जाड भाग निर्णयांचा. 'किल्ल्यांची स्पर्धा रद्द केली' एवढं लिहून भागत नाही. 'नंबर काढल्यावर आईवडीलच किल्ले बांधायला लागले, म्हणून स्पर्धा बंद करून फेरफटका ठेवला' असं लिहिलं तर पाच वर्षांनी येणाऱ्या समितीला तोच वाद पुन्हा घालावा लागणार नाही. चुकांच्या पानावर नावं नकोत. दिवे का गेले ते लिहावं, कुणामुळे गेले ते नको. नाव लिहायला लागलं की पुढच्या खेपेला कुणी खरं सांगत नाही.

सगळंच उघडं ठेवायचं नसतं. देणगीदारांचे फोन, मुलांच्या याद्या, कुणाच्या आजारपणाची नोंद ही वहीत जाता कामा नये. पद्धत उघडी, माणसं झाकलेली. आणि उघडी वही म्हणजे निर्नायकी नव्हे. लिनक्समध्ये कुणीही बदल पाठवू शकतो, पण प्रत्येक भागाचा सांभाळणारा ठरलेला असतो आणि तो नाही म्हणू शकतो. फक्त ते नाही म्हणणं सगळ्यांदेखत आणि कारणासह व्हावं अशी रीत आहे. नावाचीही एक शिस्त असते. फायरफॉक्स या ब्राउझरचा कोड खुला, पण नाव आणि चिन्ह राखीव. त्यावरून मतभेद झाले तेव्हा लिनक्सवर उभ्या असलेल्या डेबियन या प्रणालीच्या मंडळींनी २००६पासून दहा वर्षं तोच ब्राउझर 'आइसवीझल' या नावाने दिला. मेळ्याची पद्धत शेजारच्या आंबिवलीने, टिटवाळ्याने खुशाल घ्यावी. शहाडचं नाव लावून कुणी वर्गणी मात्र गोळा करू नये.

राहता राहिलं भांडण. मंडळ फुटलं की आपल्याकडे सुतक पडल्यासारखं वाटतं. ओपन सोर्समध्ये फुटून निघणं हा परवान्यानेच दिलेला हक्क आहे, आणि त्याचा शेवट नेहमी वाईट होतो असं नाही. ग्नू प्रकल्पाचा जीसीसी हा कंपायलर, म्हणजे माणसाने लिहिलेल्या कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम. त्याची वाढ फार मंद चालली आहे असं वाटून काही जणांनी १९९७मध्ये त्याची प्रत घेऊन 'ईजीसीएस' नावाने वेगळी चूल मांडली. ती इतकी चांगली चालली की १९९९च्या एप्रिलमध्ये मूळ संस्थेने तीच शाखा अधिकृत जीसीसी म्हणून स्वीकारली. दोन्हीकडचा कोड उघडा होता, म्हणून ते जमलं. शहाडच्या मेळ्यातही पूर्वेचे आणि पश्चिमेचे कार्यकर्ते कधीतरी भांडतील, दोन मेळे होतील. दोघांकडे वहीची प्रत असेल तर दोन वर्षांनी एकत्र बसताना बोलणं माणसांवरून सुरू होणार नाही, पानांवरून होईल: तुमची मुलांना सांभाळायची पद्धत आमच्यापेक्षा चांगली आहे, आमचा विजेचा नकाशा तुमच्यापेक्षा पक्का आहे, दोन्ही ठेवू.